दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली पाहिजे

परवा दुकानात नवा कॉम्प्युटर आला. खोकं फोडलं, थर्माकोलचे दाणे पार बियाण्यांच्या पिशव्यांपर्यंत उडाले, आणि जोडणीला आलेल्या माणसाला मी पहिलाच प्रश्न विचारला, "सीडी कुठून घालायची?" तो हसला. म्हणाला, "काका, सीडीचं तोंड आता येतच नाही. कोण वापरतंय?" मी म्हटलं, बरं बाबा, तू तुझं काम कर. वायरी जोडून तो गेला आणि मी उगाच त्या डब्याच्या चारी बाजू चाचपत बसलो. आता रिबेकाबाई आल्या असत्या, तर सीडी हातात धरून कुठे गेल्या असत्या, हेच माझ्या डोक्यात.

बाई आता मिरजगावात नाहीत. बहिणीच्या मुलीने त्यांना आणि त्यांच्या भावाला नगरला नेलं. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण आमच्या जिभेला नगरच येतं. त्यांच्या टायपिंग क्लासच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय. माझं खत-बियाण्यांचं दुकान तिथेच आहे. आमची भिंत एक होती, पुढचा ओटाही एकच. पंधरा-वीस वर्षं एका ओट्यावर काढली, म्हणजे त्या बाईंचा मला किती त्रास झाला असेल ते समजून घ्या.

त्रास म्हणजे असा. क्लासमध्ये बाई सीडी करून द्यायच्या. शाळांची माहिती, पोरांचे प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, पतसंस्थेचे कागद, त्या काळात सगळं सीडीवर जायचं. सीडी तयार झाली की ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, असा साधा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. मधल्या भोकात बोट घालून, कडेने धरून, पदर सावरत त्या ओट्यावरून माझ्या दुकानात यायच्या. "बबनभाऊ, जरा उठता का?" मी उठायचं. बिल अर्धवट असलं, गिऱ्हाईक ताटकळलेलं असलं, तरी उठायचं. मग बाई माझ्या खुर्चीत बसून माझ्या कॉम्प्युटरमध्ये ती सीडी घालायच्या, आतली एक न् एक फाईल उघडून बघायच्या, आणि मगच उठायच्या. सीडीवाला मागे दारात उभा. मी माझ्याच दुकानात उभा.

"बाई, तुमच्या कॉम्प्युटरवर उघडली ना? मग झालं की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"आपल्या घरी सगळेच हुशार असतात, बबनभाऊ," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली पाहिजे."

माझा कॉम्प्युटर कर्जतच्या एका डेअरीतून जुना म्हणून घेतलेला. त्यात दुकानातली युरियाची आणि गंधकाची धूळ. सीडी घातली की तो आधी घरघरायचा, मग खोकल्यासारखा आवाज करायचा, मग मनात आलं तर उघडायचा. बाई म्हणायच्या, "तुमच्याकडे उघडली की ती कुठेही उघडेल." हे मी बरेच दिवस कौतुक समजून गावात सांगत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, सगळ्यात भंगार म्हणून तुमच्याकडे आणतात त्या." मी आतून चरफडलो. पण तोवर सवय झाली होती.

बाई उंच, सडपातळ, कॉटनची साडी कायम पिनेने ताठ लावलेली. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, त्यामुळे बोलणं छापील. गावात सगळे हाय-न्हाई करायचे, बाई मात्र "आहे" आणि "नाही" पूर्ण म्हणायच्या. टाइपरायटर शिकवून शिकवून त्यांची एक सवय झाली होती. कशात काही चूक दिसली की म्हणायच्या, "परत मारा." मुलींनी चुकीचं अक्षर मारलं की परत मारा. चहावाल्याने चहात साखर जास्त घातली की कप परत, "परत मारा." एकदा रंगाऱ्याने माझ्या दुकानाच्या पाटीवर 'बियाणे'चा काना विसरला, तर बाईंनी शिडीवर चढलेल्या माणसाला खालून सांगितलं, "परत मारा." आणि तो उतरून, रंग कालवून, परत चढला. मी मालक, मी खाली शिडी धरून उभा.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण बाईंच्या त्या हट्टामागे एक गोष्ट होती आणि ती सगळ्या गावाला माहीत होती.

त्यांचा धाकटा भाऊ याकोब. गवंडी होता. लग्न केलं नाही, बहिणीजवळच राहिला. हात चांगला, पण त्याहून गळा चांगला. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, गाण्यांना पुढे तोच असायचा. गाणी तोच रचायचा, तीही भिंत बांधता बांधता. कोणी म्हणालं, अरे लिहून ठेव, तर म्हणायचा, "हात सिमिटात हायती, वही कुठं धरू?" बहीण छापील बोलायची आणि हा आमच्यासारखा. एका घरात दोन भाषा.

बाईंनी क्लासला पहिला कॉम्प्युटर घेतला, त्यात सीडी लिहायचं यंत्र होतं. तेव्हा आमच्या पंचक्रोशीत ते नवीनच. याकोबला त्याचं वेड लागलं. कामावर जायच्या आधी, नाहीतर काम सुटलं की हातपाय धुऊन माईकसमोर बसायचा, एकेक गाणं म्हणायचा, आणि मग स्वतःच ती गाणी सीडीवर लिहायचा. त्या वर्षी सुगीच्या सणासाठी त्याने एक नवं गाणं केलं होतं. सरावाला मंडळीत त्याच्या दोनच ओळी म्हणून दाखवल्या:

बांधावरती भर दुपारी येशू माझा उभा,
ओंजळभर गं पाणी मागे, हंडा माझा सुका.

बायका म्हणाल्या, पुढं काय? येशू काय म्हणतो? याकोब म्हणाला, "सनाच्या दिशी ऐका. सीडीत घालतोय."

सणाच्या आधीच त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. चाळिशीही उलटली नव्हती. नगरच्या दवाखान्यात बाई त्याच्या उशाशी होत्या, इकडे गल्लीत तारेला तार लागून जादा दाबाची वीज आली आणि पंखे, बल्ब, बाईंचा कॉम्प्युटर, सगळं जळालं. याकोबला घेऊन बाई परत आल्या तेव्हा तो ओट्यावर खुर्चीत बसू शकत होता, माणसं ओळखत होता, हसायचा, रडायचा. बोलता मात्र येत नव्हतं. नुसता "आ, आ" करायचा आणि स्वतःवरच चिडायचा.

सीडी होती. बाईंनी ती माझ्या दुकानात आणली, ती त्यांची पहिली खेप. माझ्या कॉम्प्युटरने घरघर केली आणि सांगितलं की सीडी कोरी आहे. बाईंनी ती पतसंस्थेत नेली, शाळेत नेली, श्रीगोंद्याला नेली. सगळीकडे कोरी. उन्हात तिरकी धरली की लिहिलेला भाग वेगळा, गडद दिसायचा. म्हणजे आत गाणी होती. शेवटी नगरला एका जाणकाराने उलगडून सांगितलं. सीडी लिहून झाली की शेवटी ती बंद करायची असते. बंद केली की कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येते. याकोबने ती उघडीच ठेवली होती, आणखी गाणी घालायची म्हणून. उघडी सीडी फक्त तिला लिहिणारं यंत्र ओळखतं, नाहीतर त्याच बनावटीचं दुसरं, त्याच्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरसकट. सॉफ्टवेअरची तबकडी बाईंच्या कपाटात होती. यंत्र जळून गेलं होतं, आणि त्या बनावटीची यंत्रं कंपनीने बंद केली होती.

तेव्हापासून बाईंनी दुसऱ्यांच्या सीड्यांचा ध्यास घेतला. नवा कॉम्प्युटर घेतला, पुस्तकं आणली, चुकत चुकत शिकल्या. बिघडलेल्या सीड्या माझ्या दुकानात येऊन पडायच्या आणि माझी गिऱ्हाइकं त्या नेऊन ज्वारीत दोऱ्याला बांधायची. एक वर्ष आमच्या शिवारातली पाखरं बाईंच्या चुकांनी उडाली. मग हळूहळू पाखरांचा माल कमी झाला.

सीडी मारणे हा शब्द त्यांना खपायचा नाही. "मारायचं ते टाइपरायटरवर. सीडी भाजायची असते, इंग्रजीत 'बर्न' म्हणतात," त्या म्हणायच्या, "आणि तीही मंद आचेवर." वेग सगळ्यात कमी ठेवायच्या. क्लासमध्ये सात-आठ टाइपरायटर एकाच लांब टेबलावर, त्याच टेबलाच्या टोकाला कॉम्प्युटर. मुली टाइप करायला लागल्या की टेबल थडथडायचं आणि सीडी बिघडायची. म्हणून सीडी चालू असताना सगळी बॅच मांडीवर हात ठेवून गप्प बसायची. कोणी चालायचं नाही. एकदा शाळेचे हेडमास्तर ऐन वेळी आत आले आणि बाईंनी नुसता तळहात दाखवला. हेडमास्तर एक पाय उंबऱ्यात, एक पाय बाहेर, तसेच थांबले. त्यांच्याच शाळेच्या पोरी समोर बसलेल्या, तोंडात ओढणी नाही तर रुमाल. सीडी होईपर्यंत ते हलले नाहीत. नंतर मला म्हणाले, "काय करणार, बाईंनी मला टायपिंग शिकवलंय."

एक लग्नाचा शूटिंगवाला यायचा. शिर्डीच्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ, कायम घोड्यावर बसलेला. "बाई, फुल स्पीडला टाका, अल्बमवाला थांबलाय." बाई म्हणाल्या, "तुमच्या नवरीला सांगू का, तुझं तोंड अर्ध्यातच तुटलं म्हणून?" तो मुकाट्याने बाहेर येऊन माझ्या पोत्यावर बसला. माझा चहा पिऊन गेला, हे वेगळं.

आणि वाबळे. वाबळे हे जवळच्या एका हायस्कूलचे क्लार्क. गोल, गोरे, कपाळावर सदा घाम. शाळेची माहिती सीडीवर नगरच्या ऑफिसात द्यायची होती. वाबळ्यांनी ती स्वतःच शाळेत तयार केली, एसटीने नगरला गेले, आणि तिथे सीडीत काही निघालं नाही. परत आले, पुन्हा केली, पुन्हा गेले. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी बाईंच्या क्लासमध्ये येऊन टेबलावर सीडी आपटली. "बाई, आमच्या शाळंत उघडतीय हो. मी डोळ्यानं बघितलीय. ह्या नगरवाल्यांच्या मनातच न्हाई."

बाईंनी सीडी उचलली आणि ओट्यावरून माझ्याकडे. मी उठलो. सीडीत एक बारकं चित्र होतं आणि त्याच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाबळे, तुम्ही माहिती नेलीच नाही. माहिती कुठे ठेवली आहे तो रस्ता तेवढा नेला." शाळेच्या कॉम्प्युटरवर समोर जे चित्र दिसत होतं, तेच वाबळ्यांनी उचलून सीडीत टाकलं होतं. शाळेत सीडी उघडली की तो बाण शाळेतल्याच माहितीकडे बोट दाखवायचा आणि माहिती दिसायची. नगरला दाखवणार काय?

वाबळे मटकन खाली बसले. मी हसणार होतो, पण बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बिलाचं पुस्तक उघडलं. त्या वाबळ्यांना म्हणाल्या, "तुमची चूक नाही. मी पण हे केलेलं आहे. याकोबच्या सीडीनंतर मी जी पहिली सीडी केली, तिच्यात असाच बाण होता." मग त्यांनी वाबळ्यांना चहा पाजला, शेजारी बसवून सगळं पुन्हा करायला लावलं, सीडी बंद केली, माझ्याकडे आणून तपासली, आणि वाबळे गेले. त्या दिवसापासून वाबळे बाईंचे झाले. त्यांनीच विचारलं, तुमच्या भावाच्या यंत्राचं नाव-नंबर काय. बाईंना तो तोंडपाठ होता.

तो नंबर पुढे आम्हा सगळ्यांनाच पाठ झाला. बाई नगरला गेल्या की जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत फिरायच्या. जालन्याहून कोणी नातेवाईक यायचा असला की त्याला नंबर. माझ्याकडे खताच्या कंपनीचा माणूस आला, त्यालाही नंबर. तो बिचारा म्हणाला, बाई, मी पोटॅश विकतो. बाई म्हणाल्या, "गावोगाव फिरता ना? मग लक्ष ठेवा."

इकडे ते अर्धं गाणं मंडळीत तसंच लटकलेलं. सुगीचा सण आला की बायका त्या दोन ओळी म्हणायच्या आणि थांबायच्या. हंडा सुका, येशू बांधावर उभा, पुढं काय? एका पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, मनावर घेऊन पुढच्या दोन ओळी स्वतः रचल्या. चांगल्या होत्या, म्हणतात. त्यात हंडा आपोआप भरायचा. त्यांनी त्या बाईंना म्हणून दाखवल्या. बाई ऐकून म्हणाल्या, "ओळी सुंदर आहेत, पण याकोबच्या नाहीत. याकोब असा हंडा भरणार नाही." त्या ओळी पुन्हा कोणी म्हटल्या नाहीत.

आता मी काही त्यांच्या मंडळीतला नाही. आम्ही शेतकरी माणसं, आमचे देव वेगळे. पण ओटा एक म्हटल्यावर गोष्टही आपलीच होते. दुपारी दुकानात गर्दी नसली की माझ्या मनात यायचं, तो काय म्हणाला असेल? हंड्यातलं पाणी संपलंय आणि उन्हातान्हात देव पाणी मागतोय, म्हणजे काय अवघड प्रसंग. मी एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगून विचारलं. तो म्हणाला, "काय म्हननार? पानी न्हाई म्हनल्यावर जाईल की फुडच्या वस्तीवर." मला राग आला. का आला कोण जाणे. त्याला बियाणं देताना मी नीट बोललोसुद्धा नाही.

याकोब ओट्यावरच असायचा. सकाळी बाई त्याला खुर्चीत बसवायच्या, डावीकडे पाण्याची बाटली. तो रस्त्यावरच्या गाड्या बघायचा. मी दुकान उघडताना "काय याकोब" म्हणायचो, तो डावा हात वर करायचा. सुरुवातीला बाईंनी त्याला एकदा मंडळीत नेलं होतं. गाणं सुरू झालं, त्याने तोंड उघडलं, आवाज नीट निघाला नाही, आणि तो लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला. बाईंनी त्याला तसाच घरी आणला. तो परत गेला नाही. बाईंनी घरात गाणं बंद केलं. रेडिओ नाही, टेप नाही, स्वयंपाक करताना गुणगुणणंही नाही. क्लासच्या मुलींना ताकीद. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बबनभाऊ, तुमचा रेडिओ जरा हळू ठेवाल का? गाण्याचा त्याला फार त्रास होतो." मी रेडिओ घरी नेला. मला त्या बाईंचं फार वाईट वाटायचं. नावाजलेलं गाणारं घर, आणि सकाळपासून नुसती टकटक टकटक टाइपरायटरची.

अशी बरीच वर्षं गेली. टाइपरायटरची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, बाईंचे टाइपरायटर कोपऱ्यात रचले गेले. सीड्यांची गिऱ्हाइकं पेन ड्राइव्हवर गेली. बाई तरीही सीडीवाला कोणी आला की माझ्याकडे यायच्याच, आणि मी उठायचोच. नवीन कॉम्प्युटर घे म्हणून मुलगा मागे लागला होता. मी घेतला नाही. कारण मुलाला सांगितलं नाही, पण बाईंचं ते जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हतं, माझ्याच डबड्यावर चालत होतं.

आणि एके दिवशी सकाळी वाबळे एसटीतून उतरले. त्यांची बदली राहात्याकडे झाली होती, केस पार पांढरे. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. शिर्डीतल्या एका लॉजने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले होते, तिथून जाता जाता वाबळ्यांनी सहज वाकून नंबर बघितला होता. टॉवेल उलगडून त्यांनी ते यंत्र माझ्या काउंटरवर ठेवलं. बाईंना बोलावलं. बाईंनी चष्मा लावून नंबर वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

वाबळे म्हणाले, "याकोबदादाला आनू का आत? त्यांच्यासमोरच लावू."

"नाही," बाई म्हणाल्या. "आधी तपासू. उघडली नाही तर त्याला कशाला त्रास. त्याला काही कळू देऊ नका."

त्यांचं बरोबरच होतं. याकोब बाहेर ओट्यावर त्याच्या खुर्चीत, आमच्याकडे पाठ. आम्ही आत. मी दुकानाचं दार लोटलं. वाबळ्यांनी स्क्रू काढले, जुनं यंत्र बाहेर, हे आत. बाईंनी कपाटातून सॉफ्टवेअरची तबकडी आणली आणि कापडात ठेवलेली ती सीडी. सॉफ्टवेअर चढायला वेळ लागला. बाई उभ्याच होत्या. सीडी आत गेली, घरघर झाली, खोकला झाला, आणि पडद्यावर नावं आली. ओळीने गाण्यांची नावं, याकोबने इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, स्पेलिंग वाट्टेल तशी. शेवटचं नाव होतं 'बांध'.

बाईंना बटण दाबता येईना. मी दाबलं.

आधी खरखर झाली. मग पेटीचा एक सूर, आणि याकोबचा आवाज. मी तो आवाज विसरलो होतो. मोकळा, उन्हात काम करणाऱ्या माणसाचा आवाज. "बांधावरती भर दुपारी येशू माझा उभा." वाबळ्यांनी हात जोडले. "ओंजळभर गं पाणी मागे, हंडा माझा सुका." याकोबने ती ओळ परत घेतली. मी काउंटर धरून उभा, आता, आता पुढची ओळ. आणि पेटी चालू असतानाच मागून दुसरा आवाज आला, बाईचा, करडा.

"याकोब, पुरे कर आता. मुली आल्या आहेत. बॅच खोळंबली आहे."

पेटी थांबली. याकोब हसला, ते हसूही सीडीत होतं. "दोनच वळी ऱ्हायल्यात गं ताई."

"मग संध्याकाळी गा. मुली किती वेळ थांबतील?"

खट्ट आवाज झाला आणि गाणं संपलं. पडद्यावर पुढे काही नव्हतं. म्हणून त्याने सीडी उघडी ठेवली होती. ते गाणं पुरं करून घालायचं राहिलं होतं.

बाईंच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. इतकी वर्षं ज्या दोन ओळी जिल्हाभर शोधल्या, त्या सीडीत कधी गेल्याच नव्हत्या, आणि गेल्या नव्हत्या त्या कुणामुळे, हे आता तिघांनीही ऐकलं होतं. त्यांच्याकडे बघवेना. वाबळे खाली मान घालून टॉवेलची घडी करत राहिले.

तेवढ्यात परत गाणं सुरू झालं. मला वाटलं, सीडीतच पुढे काही आहे. वाबळेही पडद्याकडे वळले. पण पेटी नव्हती, आणि आवाज घोगरा होता, गंजलेल्या कडीसारखा, आणि तो दाराच्या बाहेरून येत होता.

सु... सुका असू दे, म्हणे मला तो, बैस जरा सावलीला,
तुझ्याचसाठी आलो चालत, तहान नव्हती मला.

शब्द अर्धे तुटत होते, पण सूर जागच्या जागी होता. ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं, तो ओळच्या ओळ गात होता. असं होतं, बोलणं जातं पण गाणं राहतं, हे मला नंतर एका डॉक्टरने सांगितलं. आम्हाला कोणी तेव्हा सांगितलं नव्हतं, आणि आम्ही त्याच्या काळजीने त्याच्यासमोर गाणं बंद करून बसलो होतो.

बाईंनी दार उघडलं. याकोब रस्त्याकडे तोंड करून बसला होता, उजवा हात मांडीवर पडलेला, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो थांबत नव्हता, पुन्हा पहिल्या ओळीवर आला होता. ओट्याच्या पायरीवर दहाच्या बॅचच्या मुली येऊन उभ्या होत्या, वह्या छातीशी धरून, आत जावं की नाही या गोंधळात. बाईंना बघून याकोबचा सूर अडखळला. त्याने मुलींकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"गा, याकोब," बाई म्हणाल्या. "सगळं गा. मुली थांबतील."